बससाठी राखीव मार्गिका : बीआरटी म्हणजे काय, पुण्यात तिचे काय झाले आणि वस्त्यांचा त्याच्याशी संबंध काय

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो अनुयायी पेरणे फाट्याला जातात. त्या दिवशी पुणे-नगर रस्त्यावरची इतर वाहतूक खराडी बायपासवरून सोलापूर रस्त्याकडे वळवली जाते. खासगी गाड्या लोणीकंद आणि शिक्रापूर परिसरातल्या वाहनतळांवर थांबवतात आणि तिथून पुढे पीएमपीएमएलच्या शेकडो बस लोकांची ने-आण करतात. एवढी गर्दी मोटारी आणि दुचाकींनी स्तंभापर्यंत न्यायची ठरवली, तर रस्ता पहाटेच बंद पडेल, हे पोलिसांना आणि महापालिकेला चांगले ठाऊक आहे. म्हणून तेवढ्या टप्प्यात, तेवढ्या दिवसापुरता, रस्ता बसला दिला जातो.

याच नगर रस्त्याच्या पुण्याकडच्या तुकड्यात, येरवड्यापासून पुढे, २०१६ मध्ये बससाठी वर्षाचे सर्व दिवस राखीव अशी मार्गिका सुरू झाली होती. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने उखडली गेली. रस्त्याचा मधला भाग मोकळा झाला आणि तो लगेच मोटारींनी भरला. या निर्णयावर शहरात चर्चा झाली ती मुख्यतः वाहतूक कोंडीची. बसमध्ये बसणारा माणूस त्या चर्चेत फारसा दिसला नाही. आपल्या समाजातला मोठा वर्ग बसने किंवा पायी कामाला जातो. त्यामुळे ही राखीव मार्गिका काय असते, ती कशी चालते, कुठे यशस्वी झाली, कुठे मोडली आणि तिच्याकडून आपण काय मागायचे, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

मार्गिका म्हणजे नुसती पांढरी रेघ नव्हे

बससाठी जागा राखून ठेवण्याचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिला साधा: रस्त्याच्या डाव्या कडेची एक पट्टी रंगवायची, 'फक्त बस' असा फलक लावायचा, कधी गर्दीच्या वेळेपुरती तर कधी दिवसभर. खर्च नगण्य. पण आपल्याकडे रस्त्याची डावी कडा ही सर्वांची असते. तिथे रिक्षा थांबते, टेम्पो माल उतरवतो, दुकानासमोर मोटार 'पाचच मिनिटे' उभी राहते. पोलीस नसेल तर ही पट्टी दोन दिवसांत नाहीशी होते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात बससाठी मार्गिका आखली गेली होती, बंगळुरूत २०१९ मध्ये सिल्क बोर्ड ते टिन फॅक्टरी या बाह्यवळण रस्त्यावर खांब रोवून 'निंबस' नावाची मार्गिका केली होती. बंगळुरूत बसचा वेळ वाचल्याचे प्रवाशांनीच सांगितले, पण महासाथ आली, मेट्रोचे काम सुरू झाले आणि मार्गिका गेली.

दुसरा प्रकार म्हणजे बीआरटी, जलद बस वाहतूक. यात मार्गिका रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला लागून असते आणि दोन्ही बाजूंनी कठडे असतात. थांबे मध्यभागी असतात, त्यांचा फलाट बसच्या फरशीच्या उंचीचा असतो. तिकीट शक्यतो थांब्यावरच काढायचे. बस आली, दोन-तीन दारे उघडली, लोक सरळ चालत आत गेले, वीस सेकंदांत बस निघाली. पायऱ्या नाहीत, दारात वाहकाभोवती गर्दी नाही. म्हातारे माणूस, पोटुशी बाई, चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी, सर्वांना एकाच दाराने चढता येते.

या दुसऱ्या प्रकाराची सुरुवात ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये झाली. महापौर जैमे लर्नर हे पेशाने वास्तुविशारद होते. शहराकडे भुयारी रेल्वेसाठी पैसे नव्हते, म्हणून त्यांनी रेल्वेचे गुण बसला द्यायचे ठरवले: स्वतःचा रस्ता, आधी तिकीट, समपातळीवर चढणे. पुढे कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ सुरू झाली. तिथल्या थांब्यांवर मागची बस पुढच्या बसला ओलांडू शकेल अशी जादा मार्गिका आहे, त्यामुळे जलद आणि सर्व थांबे घेणाऱ्या बस एकाच रस्त्यावर धावतात. तिच्या सर्वांत गर्दीच्या मार्गावर तासाला एका दिशेने ४० हजारांहून अधिक प्रवासी जातात, म्हणजे अनेक मेट्रो मार्गांपेक्षा जास्त. जकार्ताने २००४ मध्ये हीच पद्धत उचलली. पण बोगोटाची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. तिथे बस इतक्या खचाखच भरू लागल्या की २०१२ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि थांब्यांची मोडतोड झाली. राखीव मार्गिका दिली आणि बस पुरेशा दिल्या नाहीत तर काय होते, त्याचा तो धडा आहे.

साधे गणित

एक बारा मीटर लांबीची बस घ्या. चाळीस जण बसलेले, वीस उभे. हेच साठ जण मोटारीने गेले आणि प्रत्येक मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी लागतील. कोंडीत सरकताना एका मोटारीला पुढच्या मोकळ्या जागेसह सहा-सात मीटर लागतात. म्हणजे अडीचशे मीटरहून लांब रांग. बसची रांग बारा मीटरची.

अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या 'नॅक्टो' या संघटनेने एका मार्गिकेतून तासाला किती माणसे जाऊ शकतात याचे ढोबळ आकडे दिले आहेत. फक्त खासगी मोटारी असतील तर ६०० ते १,६००. मोटारींमध्येच वारंवार बस धावत असतील तर १,००० ते २,८००. बससाठी राखीव मार्गिका असेल तर ४,००० ते ८,०००. रस्ता तोच, रुंदी तीच.

दुसरे गणित कमी सांगितले जाते, पण माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे. समजा १५ किलोमीटरचा मार्ग आहे आणि गर्दीत बस ताशी १२ किलोमीटरने चालते. एका बाजूला ७५ मिनिटे, जाऊन येऊन १५०, दोन्ही टोकांना मिळून २० मिनिटांची विश्रांती, म्हणजे एक फेरी १७० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी तर १७ बस लागतील. आता राखीव मार्गिकेमुळे वेग ताशी १८ झाला असे धरा. फेरी १२० मिनिटांवर येते. दहा मिनिटांच्या अंतरासाठी १२ बस पुरतात. किंवा त्याच १७ बस ठेवल्या तर दर सात मिनिटांनी बस येते. तेवढेच चालक, तेवढ्याच बस आणि फेऱ्या जास्त. वाहतूक संस्था तोट्यात आहे म्हणून फेऱ्या कमी कराव्या लागतात असे आपल्याला सांगितले जाते. त्या तोट्यातला एक भाग कोंडीत उभ्या असलेल्या बसच्या चाकांखाली दडलेला असतो. तो कोणी पासधारकाने केलेला नसतो.

पुण्याची गोष्ट

केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले आणि २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आणले. रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटली पाहिजे, हे तत्त्व त्या धोरणात स्पष्ट लिहिले होते. अभियानाचा निधी आला आणि पुण्याने देशात सर्वांत आधी उडी घेतली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट हा प्रायोगिक मार्ग सुरू झाला, पुढे तो हडपसरपर्यंत गेला.

हा प्रयोग घाईत झाला होता. मार्गिका काही ठिकाणी सलग होती, काही ठिकाणी तुटलेली. चौकांत तिला वेगळी वागणूक नव्हती. सर्वांत मोठा दोष पादचाऱ्यांचा होता. थांबा रस्त्याच्या मध्ये आणि तिथवर जायला धड सिग्नल नाही, उंचवटा नाही. माणसाने जीव मुठीत धरून दोन मार्गिका ओलांडायच्या. अपघात झाले आणि शहराच्या मनात 'बीआरटी म्हणजे अपघात' हे समीकरण पक्के बसले. वास्तविक बसचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो. ज्यांनी आराखडा केला त्यांना हे माहीत नसेल असे नाही. पण आपल्या शहरांत पैसा डांबराला आधी मिळतो, पदपथाला उरलासुरला.

पीएमटी आणि पीसीएमटी यांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली. नंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवडने मिळून 'रेनबो बीआरटी' आणली. ती पहिल्या प्रयोगापेक्षा बरीच विचारपूर्वक होती. ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी हा सुमारे आठ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, पुढच्याच महिन्यात सांगवी-किवळे, त्यानंतर नाशिक फाटा-वाकड, २०१६ मध्ये नगर रस्ता आणि २०१८ मध्ये जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर निगडी-दापोडी. बसला दोन्ही बाजूंना दारे ठेवली. मार्गिकेत असताना उजव्या बाजूच्या उंच दारातून मधल्या थांब्यावर उतरायचे आणि मार्गिका संपली की तीच बस साध्या रस्त्यावर डाव्या बाजूने चालायची. प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही, ही सोय मोठी आहे.

या मार्गांकडे जरा नकाशा समोर ठेवून पाहा. आळंदी रस्त्यावरचे फुलेनगर, येरवड्याच्या वस्त्या, विश्रांतवाडी, दापोडी, कासारवाडी, पिंपरीचा डॉ. आंबेडकर चौक. हे आपल्या माणसांचे पत्ते आहेत. या वस्त्यांतून पहाटे निघून औंध, कल्याणीनगर, खराडी, हिंजवडीच्या सोसायट्यांत आणि कंपन्यांत झाडलोट, स्वयंपाक, पहारा, हाउसकीपिंग करणारे लोक या मार्गांचे नैसर्गिक प्रवासी आहेत.

मग नगर रस्त्यावरची मार्गिका का गेली? कारणे अनेक आहेत. वनाझ-रामवाडी मेट्रोचे खांब आणि स्थानके याच रस्त्यावर आली आणि मध्ये मार्गिका तुटली. तुटलेल्या मार्गिकेत बस पुन्हा मिश्र वाहतुकीत घुसणार, पुन्हा बाहेर पडणार, म्हणजे वेळ वाचण्याऐवजी चौकात गोंधळ. पहारेकरी आणि अडथळे काढले गेले, दुचाकी आणि मोटारी आत शिरू लागल्या. बसची संख्या कमी, त्यामुळे शेजारच्या कोंडीत अडकलेल्या वाहनचालकाला मार्गिका रिकामीच दिसायची. 'एवढा रस्ता रिकामा आणि आम्ही इथे अडकलो' ही भावना मग निवडणुकीच्या भाषेत सहज उतरते. यात एक दृष्टिभ्रम आहे. दोन मिनिटांनी एक बस गेली तरी मधला वेळ मार्गिका रिकामी दिसते, पण ती शेजारच्या खच्चून भरलेल्या मार्गिकेपेक्षा जास्त माणसे नेत असते. हे खरे होण्यासाठी दोन मिनिटांनी बस यायला मात्र हवी. पुण्यात ती येत नव्हती.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा निकषांत उत्तम श्रेणीसाठी हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस, असे प्रमाण आहे. पुणे-पिंपरी चिंचवडची लोकसंख्या ७० लाखांच्या घरात धरली तरी चार हजारांवर बस लागतात. पीएमपीएमएलकडे सुमारे दोन हजार. अर्ध्या बस घेऊन धावणाऱ्या संस्थेला पूर्ण मार्गिका दिली तरी ती अर्धीच भरणार. दोष मार्गिकेला दिला गेला.

दिल्ली : आंबेडकरनगरपासून निघालेला रस्ता

दिल्लीची बीआरटी २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद अशी जेमतेम ५.८ किलोमीटर सुरू झाली. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचा आराखडा होता. तिच्या दक्षिण टोकाला दक्षिणपुरीसारख्या पुनर्वसन वसाहती, जिथे शहराच्या मध्यातून हटवलेल्या झोपडपट्टीतल्या लोकांना वसवले गेले. वाटेत दक्षिण दिल्लीच्या श्रीमंत वसाहती. एका बाजूला बसवाले, दुसऱ्या बाजूला मोटारवाले आणि मध्ये कठडा, इतके उघड चित्र दुसऱ्या कुठल्या शहरात दिसले नसेल.

पहिल्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी कोंडीच्या बातम्या चालवल्या. तांत्रिक त्रुटी होत्याच. चिराग दिल्लीच्या चौकात सिग्नलची आवर्तने फार लांब होती, एखादी जुनी बस मार्गिकेत बंद पडली की मागची सगळी रांग थांबायची. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मोटारींचा वेळ आणि इंधन वाया जाते, म्हणून मार्गिका सर्वांना खुली करा, अशी मागणी होती. २०१२ च्या जुलैमध्ये अंतरिम आदेशाने ती काही काळ खुलीही झाली. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. बसने जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना रस्त्यात वाटा देण्याचे धोरण चुकीचे नाही, असा त्या निकालाचा सूर होता. न्यायालयात टिकलेली मार्गिका राजकारणात टिकली नाही. २०१५ मध्ये ती काढण्याचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये जेसीबी लागले. पुढे भोपाळनेही आपली मार्गिका काढली आणि इंदूरनेही तोच रस्ता धरला.

दुसरीकडे अहमदाबादची 'जनमार्ग' २००९ पासून चालू आहे आणि सुरतेने शंभर किलोमीटरहून मोठे जाळे उभारले. अहमदाबादने एकदम सगळीकडे न जाता आधी रुंद रस्ते घेतले, स्वतंत्र कंपनी केली, मार्गिकेत फक्त तिच्याच बस ठेवल्या. तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण तिथलेच, सीईपीटी विद्यापीठातील दर्शिनी महादेविया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: या बसमध्ये बसते कोण? त्यांच्या अभ्यासात दिसले की गरीब कुटुंबांना, विशेषतः बायकांना, तिचा लाभ बेताचाच झाला. भाडे जुन्या नगरपालिका बसपेक्षा परवडेना, पदपथ आणि सायकलमार्ग आराखड्यात होते पण रस्त्यावर नीट उतरले नाहीत. साबरमतीच्या काठावरून हटवलेली कुटुंबे शहराच्या कडेला जाऊन पडली होती, तिथवर जलद बस पोहोचलीच नाही. बीआरटी आली की न्याय आला, असे मानणाऱ्यांनी हे वाचावे.

बस हा समतेचा प्रश्न का आहे

२०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणारे लोक कामावर कसे जातात, ते पहिल्यांदा मोजले गेले. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांच्या आत निघाले. पायी जाणारे पाचातले एकाहून अधिक, बसने जाणारे सुमारे अकरा टक्के. हा देशाचा आकडा आहे, शहरागणिक तो बदलतो आणि नंतरच्या वर्षांत दुचाकी खूप वाढल्या. तरीही रस्त्यावरची जागा आणि खर्च कुणाला मिळतो, आणि माणसे किती कुणाची, यातली तफावत त्यातून दिसते.

वस्तीतल्या महिला गटांत प्रवासाचा विषय निघाला की पहिला मुद्दा भाड्याचा नसतो, भरवशाचा असतो. तीन घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला पहिल्या घरी साडेसातला पोहोचायचे असते. बस वीस मिनिटे उशिरा आली तर तिन्ही घरी बोलणी बसतात, महिन्यातून चार-पाच वेळा झाले तर एक घर सुटते. मग ती शेअर रिक्षाने जाते आणि कमाईचा मोठा हिस्सा तिथेच जातो. किंवा मुलगा हप्त्यावर दुचाकी घेतो. दुचाकीचा हप्ता, पेट्रोल आणि अपघाताचा धोका हे सगळे वाईट बससेवेचे बिल आहे आणि ते घरातून भरले जाते. म्हणूनच मार्गिकेला विरोध करणाऱ्यांत फक्त मोटारवाले नसतात, आपल्याच वस्तीतला दुचाकीवरचा पोरगाही असतो. त्याला दोष देऊन चालणार नाही. त्याने दुचाकी घेतली, कारण बस आली नाही.

सार्वजनिक वाहनात शेजारी बसण्याचा हक्क हा जगभर मानवी प्रतिष्ठेच्या लढ्याचा भाग राहिला आहे. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर डिसेंबर १९५५ मध्ये सुरू झालेला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. पायी चालत कामाला जाणाऱ्यांत घरकामगार कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यानंतर चार दशकांनी लॉस एंजेलिसमध्ये बस रायडर्स युनियनने १९९४ मध्ये परिवहन संस्थेवर नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. उपनगरांकडे जाणाऱ्या रेल्वेवर पैसा ओतायचा आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो कष्टकऱ्यांच्या बस सडू द्यायच्या, हा भेदभाव आहे, असे त्यांचे म्हणणे. १९९६ मध्ये तडजोड झाली, संस्थेला गर्दी कमी करण्यासाठी बस वाढवाव्या लागल्या आणि पासचे दर आवरावे लागले. आपल्याकडे असा दावा कुणी लावलेला मला माहीत नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटतो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या ३१ किलोमीटरसाठी डिसेंबर २०१६ मध्ये ११,४२० कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींच्या पुढे. मेट्रो नकोच असे माझे म्हणणे नाही. पण जिथे मेट्रो येते तिथे बसची मार्गिका काढून टाकायची, आणि जिथे मेट्रो येणार नाही तिथेही बस वाढवायच्या नाहीत, याला नियोजन म्हणता येणार नाही. त्यात पीएमपीएमएलचा मासिक पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. मुंबईत बेस्टचे किमान भाडे त्याच वर्षी मे महिन्यात ५ वरून १० रुपये झाले.

मागणी करताना कोणत्या अटी घालायच्या

मार्गिकेची मागणी करायची तर सगळी करायला हवी. कायदा आड येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१७ मध्ये बीआरटीच्या आराखड्यासाठी आयआरसी १२४ ही मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. थांब्याची उंची, चौकातली रचना, पादचारी ओलांडणी यांचे माप त्यात आहे. वॉर्डातल्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की अभियंत्याला हाच दस्तऐवज दाखवून विचारता येते: थांब्यापर्यंत चालत जायला सिग्नल कुठे आहे, त्याची वेळ म्हाताऱ्या माणसाला पुरेल का, अंधारात दिवा आहे का.

जागा कुठून घेणार, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. राखीव मार्गिकेचा सगळा मुद्दाच असा की आहे त्या रस्त्यातली एक मार्गिका मोटारीकडून काढून बसला द्यायची. पण अनेकदा मोटारींची एकही मार्गिका कमी न करता रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव येतो, आणि रुंदीकरणाची रेघ नेमकी वस्तीतल्या घरांवरून आणि फेरीवाल्यांच्या जागेवरून जाते. ज्यांच्यासाठी बस आणायची त्यांचीच घरे पाडून ती येणार असेल तर तिला विरोध केलाच पाहिजे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, सर्वेक्षणाशिवाय त्यांना हटवता येत नाही, हे बैठकीत ठणकावून सांगावे लागते. थांब्याजवळ चहा-वडापावची गाडी असणे ही सोयच आहे, रात्री नऊला उतरणाऱ्या मुलीला तर ती सुरक्षिततेसारखी वाटते.

तिसरी गोष्ट नोकऱ्यांची, ज्यावर वाहतूक तज्ज्ञ सहसा बोलत नाहीत. चालक, वाहक, मेकॅनिक या नोकऱ्यांनी एसटीत, बेस्टमध्ये, पीएमटीत आपल्या कित्येक कुटुंबांना पहिला कायम पगार दिला, त्यात आरक्षणाचा वाटा मोठा. आता नव्या बस येतात त्या बहुतेक कंत्राटदाराच्या, किलोमीटरमागे दर ठरवून घेतलेल्या. बस महापालिकेच्या रंगाची, चालक मात्र कंत्राटदाराचा. तिथे आरक्षण लागू होत नाही, पगार किमान वेतनाच्या आसपास. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये अशाच भाडेतत्त्वावरच्या बसच्या कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला तेव्हा प्रवाशांना पहिल्यांदा कळले की लाल बस चालवणारे बेस्टचे कर्मचारी नाहीत. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून देशभर १० हजार बस यायच्या आहेत, त्याही खासगी भागीदारीतून. विजेवरच्या बसचे स्वागत आहे. कंत्राटात वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि भरतीतील सामाजिक प्रतिनिधित्वाची अट लिहून घेण्याची मागणी मार्गिकेच्या मागणीसोबतच गेली पाहिजे. नंतर ती कुणी ऐकत नाही.

चौथी गोष्ट मार्गिका कुठवर जाते ही. शहरात पुनर्वसनाच्या इमारती कडेला उभ्या राहतात, कारण जमीन तिथे स्वस्त. कामाच्या जागा मध्ये किंवा दुसऱ्या कडेला. घर मिळाले आणि काम सुटले, असे विशेषतः बायकांच्या बाबतीत होते. पुनर्वसनाच्या प्रत्येक आराखड्यात पहिली आणि शेवटची बस किती वाजता, दर किती मिनिटांनी आणि कुठल्या कामाच्या ठिकाणापर्यंत, हे घराच्या चौरस फुटांसारखेच लिहिलेले हवे.

पिंपरी-चिंचवडमधल्या मार्गिका आजही चालू आहेत. नगर रस्त्यावर जे झाले तेच इथे व्हायचे नसेल तर आधी या मार्गांवरच्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत, घुसखोर वाहनांवर कॅमेऱ्याने दंड बसला पाहिजे आणि बंद पडलेली स्वयंचलित दारे व दिवे दुरुस्त झाले पाहिजेत. या तिन्ही गोष्टींसाठी नवा प्रकल्प, नवा सल्लागार किंवा नवे भूमिपूजन लागत नाही. दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकात पीएमपीएमएलला दरवर्षी निधीची तरतूद असते. ती किती आहे, त्यातली बसखरेदीसाठी किती आणि तूट भरण्यासाठी किती, हे माहिती अधिकारात मागता येते. वस्तीतल्या मंडळाच्या, महिला गटाच्या किंवा विहाराच्या समितीच्या एखाद्या सदस्याने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करावा, शुल्क दहा रुपये आहे.